वाफसा

पाणी म्हटलं की मथुराबाईला एकच गोष्ट ठाऊक होती, ते अडवायचं. गावी, वळसंगला, तिच्या दारात तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला जाई, न्हाणीचं अळूला आणि भांडी घासलेलं कढीपत्त्याला. तिच्या हातचं रोप ओळखायला कुणाला विचारावं लागत नसे. बुंध्याभोवती परातीएवढं खोलगट आळं, त्याला चारी बाजूंनी थापून थापून केलेली पाळ, आणि ती अशी घट्ट की थेंबानं बाहेर पडायचं मनात आणू नये. कोरड्या मुलखातल्या माणसांना हे कुणी शिकवत नाही. सोडून द्यावं इतकं पाणी हातात कधी आलेलंच नसतं, त्यामुळे सोडायचं कसं हेही कुणी शिकवत नाही. मथुराबाईची पन्नास वर्षं अशीच गेली होती.

बाहत्तरच्या दुष्काळानंतर ती सोलापूरला आली आणि सात रस्ता चौकापासून थोडं पुढं, चन्नम्माच्या बंगल्यात कामाला राहिली. चन्नम्मा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. घरात कानडी बोलायची, बाहेर मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. मूलबाळ नाही, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. तिनं मथुराबाईला मागची खोली दिली, आणि खोलीपुढची बारा हात रुंद पट्टीही दिली. हवं ते लाव, पण झेंडू लावू नको, मला त्याचा वास सोसत नाही, एवढंच तिनं बजावलं. मथुराबाईला झेंडू लावायचाच नव्हता. तिच्याकडं तेलाच्या जुन्या डब्यात वळसंगहून आणलेले शेवंतीचे फुटवे होते.

त्या पट्टीतली माती अस्सल काळी, चिकण. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडत की चन्नम्माची कपाटाची किल्ली एकदा आत पडली ती पडलीच. पावसात तीच माती तळपायाला चिकटून चिकटून पाऊल दुप्पट करी. शेतात अशी जमीन असली की लोक मिशीला पीळ देतात. शेवंतीला मात्र तिच्यात पाय रोवणं अवघड, पण हे मथुराबाईला कुठून माहीत असणार? तिच्या गावच्या अंगणात सगळा मुरूम होता. तिथं ओतलेलं पाणी डोळ्यादेखत गडप होई, म्हणून तर आळी करायची सवय. तीच सवय तिनं इथं आणली. ज्येष्ठ सरता सरता तिनं जमीन वीतभर खाली घेऊन चार वाफे केले, चारी बाजूंनी बांध घातले, बांधाच्या आत प्रत्येक रोपाला आळं केलं आणि चव्वेचाळीस फुटवे लावले. चन्नम्मा चष्मा वर करून म्हणाली की ही बाग आहे की किल्ला? मथुराबाई खुशीत हसली. तिला ती शाबासकीच वाटली.

आता त्या डब्याची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी मथुराबाई आणि तिचा नवरा रामहरी दोघंही खडी फोडायला जात. त्या हिवाळ्यात रामहरीचे पाय सुजले. आधी संध्याकाळी सुजत, मग दिवसभर, मग पोटही फुगलं. सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात आणलं तेव्हा तरुण डॉक्टरानं त्याच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याचा खळगा तसाच राहिला, भरून आला नाही. डॉक्टर म्हणाला, "बाई, यांच्या अंगात पाणी भरलंय. त्याला बाहेर पडायला वाट नाही. दिवसाला दोन पेले पाणी द्या. त्यावर घोटभरसुद्धा देऊ नका."

दोन वर्षांत मथुराबाईनं सकाळ-संध्याकाळ वाहणारा नळ पहिल्यांदा पाहिला तो त्या दवाखान्यात. आणि तिथंच रामहरी पाणी मागत होता. जर्मनचा पेला पुढं करायचा आणि म्हणायचा, "अगं, घोटभर दे की." तिनं दिलं नाही. डॉक्टरानं सांगितलं म्हणून दिलं नाही. तांब्या खाटेखाली लपवला, पुढं त्याला तोही दिसला म्हणून व्हरांड्यात नेऊन ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यानं गावाकडं चालत जायचा हट्ट धरला. वहाणा मागितल्या, पण सुजलेलं पाऊल वहाणेत शिरेना. पाचव्या दिवशी तो गेला, ओठ वाळलेले होते. मथुराबाई त्या वहाणा पिशवीत घालून घरी आली, आणि घरी येऊन तिनं पहिलं काम काय केलं, तर कोनाड्यात त्या डब्यात मान टाकून बसलेल्या शेवंतीच्या फुटव्यांना तांब्याभर पाणी घातलं. गावात तेव्हा तांब्याभर पाणी म्हणजे थट्टा नव्हती. आपल्या वाट्याचं पिण्याचं पाणी होतं ते.

तेव्हापासून तिनं कुठल्याही तहानलेल्या जिवाला नाही म्हटलं नव्हतं. दारात कुत्रं आलं तरी ती आधी पाण्याचं भांडं ठेवी आणि मग भाकरीचं बघे. आपण माणसाला तहानलेलं मारलं, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं, आणि हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. वहाणा खोलीतल्या खुंटीवर होत्या.

रामहरी यायचा तो दुपारी. चन्नम्माचं जेवण झालं, भांडी पालथी पडली की मथुराबाई मागच्या ओट्यावर पदर डोक्याखाली घेऊन आडवी होई. दूर कुठंतरी विणकरांच्या मागांची खटखट चालू असे, ती हळूहळू पाण्याखालून आल्यासारखी लांब लांब जाई. मग ओट्याच्या टोकाशी तो उभा दिसे. पायांत काही नसे, पाय सुजलेले, हातात तोच पेला. बोलायचा नाही, नुसता पेला पुढं करायचा. ती धावत हौदावर जाई, तांब्या भरे, धावत परत येई, आणि ओतायला जावं तर तांब्यात पाणी नाही. पुन्हा हौद, पुन्हा तांब्या. मग गिरणीचा तीनचा भोंगा होई आणि ती उठून बसे. उठल्याबरोबर ती खरोखर हौदावर जाऊन तांब्या भरी आणि शेवंतीला घाली, एकेका आळ्यात एकेक तांब्या. तेवढं केलं की तिला बरं वाटे. त्या झाडांत ओतलेलं पाणी त्या पेल्यात पडतं, असं ती धरून चालली होती, आणि तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानंही तेच केलं असतं.

चौऱ्याहत्तरचा भाद्रपद आला तो मात्र वेगळाच. सोलापूरला पाऊस एरवी पाहुण्यासारखा येतो, चहासुद्धा न घेता जातो. यंदा तो मुक्कामाला राहिला. दिवसभर करडा उजेड, भिंतींना ओल, तारेवर न वाळणारी लुगडी. मागच्या पट्टीत चार वाफे म्हणजे चार तळी झाली. त्यांत ढग सरकत, चतुर घिरट्या घालत, आणि ओट्यावरून बघता बघता वर कुठलं आभाळ आणि खाली कुठलं हेच कळेनासं होई. मथुराबाई तासन्‌तास ते बघत राही. एवढं पाणी, आणि तेही आपल्या बांधात. तिला वाटे, रामहरीनं आता यावं आणि पोटभर प्यावं.

पण शेवंतीनं मान टाकली. खालची पानं पिवळी पडली, शेंडे लोंबले, भर दुपारी उन्हानं सुकावीत तशी पानं मऊ पडली. आणि मान टाकलेलं झाड मथुराबाईनं आयुष्यात एकाच कारणानं पाहिलं होतं. तिनं तांब्या उचलला. पाऊस थांबला की ती हौदावर जाई आणि साचलेल्या पाण्यात आणखी पाणी ओती. चन्नम्मानं खिडकीतून हे पाहिलं तेव्हा ती आधी हसली, मग वैतागली. तिच्या मते मातीत वाळू घातली की काम होईल, शाळेच्या बागेला तसंच केलं होतं म्हणे. तिनं गाडीभर वाळू मागवली. मथुराबाईनं ती आधी एका वाफ्यातल्या ओल्या मातीत पायांनी तुडवून कालवली. पुढं दोन दिवस ऊन पडलं आणि त्या वाफ्यातली माती भाजलेल्या विटेसारखी घट्ट झाली. चन्नम्मानं कानडीत काय म्हटलं ते मथुराबाईला समजलं नाही, तेच बरं झालं. पावसानं पुन्हा गाठलं, पाणी वर तसंच उभं, आणि त्या वाफ्यातली अकराच्या अकरा रोपं गेली.

उरली तेहतीस. मथुराबाईचा जीव टांगणीला लागला. हे फुटवे वळसंगच्या मूळ झाडाचे होते आणि ते मूळ झाड दुष्काळात गेलं होतं. हे गेले की रामहरीच्या अंगणातलं जगात काही उरणार नव्हतं. तो पेला घेऊन येईल आणि ओतायला जागाच नसेल, ह्या विचारानं ती काम करता करता मध्येच उभी राही.

दर दोन महिन्यांनी धुळाप्पा धनगर तट्टावर लेंडीखताची पोती घालून बंगल्या-बंगल्यांतून फिरे. सांगोल्याकडचा माणूस, मेंढरं शहराच्या कडेच्या रानांत बसवायची आणि खत इकडं विकायचं. त्या दिवशी तो पोतं उतरवून पाणी प्यायला मागं आला आणि वाफ्यांशी थबकला. मग बांधावर उकिडवा बसला, एक रोप हळूच उपटलं आणि नाकाशी नेलं. मुळं काळी पडली होती, बोटांत साल निसटत होती. त्यानं ते मथुराबाईपुढं धरलं. कुजका वास होता, तुंबलेल्या मोरीला येतो तसला.

"अक्का," तो म्हणाला, "ह्येला तान न्हाय लागल्याली. ह्ये बुडालंय."

मथुराबाईनं त्याला वेड्यात काढलं. पाण्यानं कुठं झाड मरतं का, असं तिनं विचारलं, आणि सगळा मुलूख पाण्यावाचून मेला तेव्हा तू कुठं होतास असंही विचारलं. धुळाप्पाची तीस मेंढरं त्याच दुष्काळात गेली होती, पण त्यानं तो विषय काढला नाही. तो समजावून सांगू लागला की मुळालाही दम घ्यावा लागतो, काळ्या मातीत पाणी शिरलं की ते निघत नाही, आत वाऱ्याला जागाच उरत नाही. वर पाणी दिसतं आणि झाड खाली गुदमरतं. मग पान सुकतं, आणि आपल्याला वाटतं तहान. बांध फोडा, पाणी जाऊ द्या, एवढाच उपाय. पाणी जाऊ द्या म्हटल्यावर मथुराबाईनं डोक्यात राख घालून घेतली. तिनं त्याला खत घेऊन चालता हो म्हणून सांगितलं.

धुळाप्पा उठला नाही. जरा सुकल्यासारख्या दिसणाऱ्या कडेच्या मातीत त्यानं अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. भरून आला नाही. बघता बघता त्याच्या तळाशी पाणी पाझरलं.

मथुराबाई त्या खळग्याकडं बघत राहिली. मागांची खटखट लांब गेली. रामहरीची नडगी, डॉक्टरचा अंगठा, खाटेवरची करड्या रंगाची चादर, सगळं त्या बोटभर खळग्यात होतं. तिनं वाकून आपला अंगठा शेजारी दाबला. दुसरा खळगा पडला, तोही तसाच राहिला. मग तिसरा. धुळाप्पाला वाटलं बाईचं डोकं फिरलं.

"धुळाप्पा," तिनं विचारलं, "आन ह्येला पानी दिलं न्हाय, तर त्ये मारल्यागत होतंय का?"

"न्हाय की," तो म्हणाला. "दिलं तर मारल्यागत होतंय. न देनं हीच ह्येची दवा."

ती बांधावर बसली. दीड वर्षात तिनं रडायचं ठेवलं होतं ते सगळं तिथं रडली, पदर तोंडात न घालता, उघड्या तोंडानं. धुळाप्पा तट्टाच्या दोरीशी चाळा करत उभा राहिला. चन्नम्मा मागच्या दारात आली, काही विचारणार होती, पण शाळेत इतकी वर्षं काढलेल्या बाईला कधी विचारू नये हे कळतं. ती खुर्ची घेऊन आली आणि ओट्यावर बसली.

मग मथुराबाईनं कुदळ आणली. धुळाप्पा पुढं झाला तर तिनं त्याला बाजूला केलं. पहिला घाव घालायला तिला फार वेळ लागला. आपण थापलेली पाळ, आपल्याच हातांनी. पाणी कुठं जाईल असं तिनं एकदा विचारलं, आणि धुळाप्पानं भिंतीपलीकडच्या मोकळ्या रानाकडं हात केला, तिथं शेळ्या चरत होत्या. कुदळ पडली. आधी काहीच झालं नाही. मग एक बारीक धार सुटली, जरा थबकली, आणि वाट सापडल्यावर चालू लागली. मथुराबाईनं भिंतीच्या बुडाशी असलेल्या भोकापर्यंत उताराचा चर ओढला. ढग वाफ्यांतून निघाले आणि एकामागून एक त्या भोकातून पलीकडं गेले. ऊन कलेपर्यंत तिघंही ते बघत बसली होती, चन्नम्मानं सगळ्यांना चहा केला, धुळाप्पालाही कपात दिला.

लगेच वाफे करायचे म्हणून मथुराबाई दुसऱ्याच दिवशी पदर खोचून उभी राहिली, पण धुळाप्पानं अडवलं. ओल्या काळ्या मातीत पाय घातला तर ती पुन्हा वीट होणार. वाफसा येऊ द्या, म्हणाला. वाफसा म्हणजे माती ना ओली ना कोरडी, ओलही आत आणि वाराही आत. मेंढरं अजून जवळच्याच रानात बसलेली होती, म्हणून तो रोज येऊन मूठभर माती दाबून बघे, चिकट गोळा झाला की मान हलवून निघून जाई. नवव्या दिवशी गोळा झाला आणि बोटानं टिचकी मारताच तो भुसभुशीत होऊन सांडला. त्या दिवशी त्यांनी जुने वाफे मोडले. मातीत लेंडीखत आणि जाडा मुरूम मिसळला, वीतभर उंच गादीवाफे केले, मध्ये चर सोडले, चरांच्या तळाशी फुटक्या कौलांचे तुकडे टाकले. रोपं काढून त्यांची काळी मुळं कापली आणि वर गादीवर लावली. किल्ला गेला आणि अंथरुणं घातली, असं चन्नम्मा म्हणाली.

लावणीच्या दिवशी धुळाप्पानं रोपांच्या मुळाशी थोडं थोडं पाणी घातलं आणि सांगितलं, आता बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं, तिथं कोरडं लागेपर्यंत तांब्या उचलायचा नाही. हे मात्र मथुराबाईला फार जड गेलं. ती दुपारी झोपेनाशी झाली. झोपलं की तो पेला घेऊन येणार, आणि ह्या वेळी काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. ती डोळे ताठ ठेवून ओट्यावर गहू निवडत बसे, चन्नम्मा म्हणे इतके गहू काय गावजेवणाला लागतात? मधूनमधून सरी येत. पाणी गादीवरून ओघळून चरांत उतरे आणि चालू लागे. सात रोपं तरीही गेली. बाकीच्यांना पंधरा दिवसांनी खालून हिरवे कोंब दिसले.

दसरा झाला, पाऊस उघडला, कळ्या धरल्या. एका दुपारी गव्हाचं सूप मांडीवर असतानाच तिचा डोळा लागला. उजेड पिवळा, मऊ होता. मागांची खटखट लांब लांब गेली. रामहरी ओट्याच्या टोकाशी नव्हता. तो वाफ्यांमधल्या चरातून चालत होता, शेतकरी दुसऱ्याचं रान बघत फिरतो तसा, हात मागं बांधून. हातांत पेला नव्हता. एका ठिकाणी तो वाकला, गादीच्या मातीत अंगठा दाबून उचलला, आणि माती भुसभुशीत होऊन आपोआप भरून आली. त्यानं मान डोलावली. मग मथुराबाईची नजर त्याच्या पायांकडं गेली. पाय पूर्वीसारखे झाले होते, बारीक, घोट्याचं हाड दिसणारे, आणि त्यांत वहाणा होत्या. अंगठ्यापाशी जरा सैलच झाल्या होत्या. तिनं काही दिलं नाही, त्यानं काही मागितलं नाही. तो भिंतीच्या भोकापाशी गेला, जिथून पाणी जायचं तिथं, आणि वळसंगच्या बाजूला निघाला.

भोंगा झाला. मथुराबाई उठली, सूप खाली ठेवलं, आणि पहिल्या वाफ्याशी जाऊन मातीत बोट घातलं. पहिल्या पेराला कोरडं, दुसऱ्यालाही कोरडं. तिनं हौदावर जाऊन एक तांब्या भरला आणि सावकाश, रोपाच्या बुंध्याशी ओतला. माती प्यायली. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, आणि दुसरा तांब्या भरला नाही.